दारी आलेल्या दोघी



मी सातवी शिकलेली, सिनेमावर काय बोलणार! पण लेकाने घरी ‘इट’ हा १९२७ सालचा अमेरिकन मूकपट दाखवला. पाट्या तोच वाचून सांगे. तिकडे तेव्हा दारूबंदी होती, १९२० ते १९३३. ती आणण्यात बायकांच्या मंडळांचा मोठा हात होता.

नायिका बेटी लू, म्हणजे क्लारा बो, मोठ्या दुकानातली विक्रेती. मालकावर तिचे मन बसते. तो जेवायला जाणार त्या बड्या हॉटेलात जायला कपडा नाही, तर कामावरच्याच झग्याला कात्री लावते! आम्ही पोट धरून हसलो.

मग येतात दोन समाजसेविका. मैत्रीण मॉली आजारी, मिळकत नाही, म्हणून तिचे तान्हे मूल न्यायला. बेटी म्हणते, मूल माझे आहे, मी कमावते! मूल वाचते, हिची अब्रू जाते. मालक लग्न सोडून बाकी सारे देऊ करतो. ही ते झिडकारून नोकरी सोडते. शेवटी जुळते म्हणा.

माझे लक्ष मात्र त्या दोघींवर. त्या भले करायलाच आल्या होत्या. गेल्या वर्षी आपणही एका घरी वही घेऊन चौकशीला गेलो. नावे लिहिली, मुले मोजली. त्या बाईला, जेवलीस का, एवढे मात्र मीही विचारले नाही.