जुन्या शहराचे पुनरुज्जीवन आणि खाद्यबाजार : अहमदाबादचा अनुभव



नागरीकरणाचा अभ्यास बहुधा शहरांच्या वाढत्या सीमांपासून सुरू होतो. नव्या वसाहती, वर्तुळाकार मार्ग, उपनगरे, औद्योगिक पट्टे हे त्याचे नेहमीचे विषय. ज्या मूळ वस्तीभोवती ही सारी वाढ झाली, तिचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. साबरमतीच्या पूर्व तीरावरील अहमदाबादचे तटबंदीतील शहर हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. ८ जुलै २०१७ रोजी पोलंडमधील क्राकोव्ह येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४१व्या अधिवेशनात त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत करण्यात आला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. जयपूरचा क्रमांक त्यानंतर, २०१९ मध्ये लागला.

सुलतान अहमदशहा याने १४११ मध्ये वसविलेल्या या नगराची मांडणी समजून घेतल्याखेरीज पुढील चर्चा निरर्थक ठरेल. नदीकाठी भद्रचा किल्ला, त्यासमोर मोकळे मैदान, मैदानाच्या टोकाला तीन दरवाजा, तेथून सरळ पूर्वेस जाणारा राजमार्ग, त्यावर १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद आणि तिच्या पलीकडे माणेक चौक असा हा कणा आहे. या कण्याच्या दोन्ही बाजूंना पोळ नावाच्या निवासी वस्त्या पसरल्या. मराठी वाचकाला हा शब्द चमत्कारिक वाटेल. त्याचे मूळ संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे वेस किंवा प्रवेशद्वार या शब्दात आहे. एक दरवाजा, आत अरुंद गल्ली, गल्लीत एकाच जातीची, धर्माची वा व्यवसायाची कुटुंबे, मध्ये पाखरांना दाणे टाकण्यासाठी उभारलेला चबुतरा, प्रत्येक मोठ्या घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टांके, असे पोळीचे स्वरूप असे. सागवानी चौकट आणि विटांच्या भिंती असलेली ही घरे एकमेकांना टेकून उभी आहेत. त्यांतले एक पाडले की शेजारची दोन खिळखिळी होतात. संवर्धनाचा प्रश्न एकेका इमारतीचा नसून वस्तीचा का आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांची संयुक्त सत्ता होती. रायखड भागातील गायकवाड हवेली त्या काळाची खूण आहे. विसाव्या शतकातही मराठी माणसाचा संबंध तुटला नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी, १९२४ ते १९२८ या काळात, ते पद सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे होते. या नगरपालिकेच्या पूर्वेतिहासात एक रंजक प्रकरण आहे. १८३०च्या दशकात ढासळलेल्या तटाच्या दुरुस्तीसाठी तुपासह काही मालावर कर बसविण्यात आला आणि उरलेल्या रकमेतून नागरी सुधारणांची कामे झाली. शहराच्या स्थानिक कारभाराचा पाया अशा रीतीने काही अंशी लोकांच्या ताटातील तुपावर घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

वस्ती रिकामी का झाली

जुने शहर एका दिवसात ओस पडले नाही. १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी सुरू केलेल्या कापडगिरणीनंतर तटाबाहेर गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. १८९२ मध्ये एलिस पूल झाला आणि नदीच्या पश्चिमेकडील जमीन सुलभ झाली. पुढे सहकारी गृहनिर्माण संस्थांनी मध्यमवर्गाला मोकळी हवा, स्वतंत्र अंगण आणि वाहन उभे करण्यास जागा दिली. मागे उरलेल्या घरांना अनेक वारस झाले. भाडेनियंत्रणामुळे भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च करण्यात कोणाचेच हित राहिले नाही. १९६९, १९८५ आणि २००२ च्या दंगलींनी भीतीची भर घातली. १९८०च्या दशकापासून गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कामगारांची मोठी संख्या असंघटित व्यवसायांकडे, त्यांतही पथविक्रीकडे, वळली. रिकाम्या घरांत कापडाची आणि इतर मालाची गोदामे आली. कोरीव खांब, तुळया आणि दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले जाऊ लागले. घरापेक्षा त्याच्या लाकडाला अधिक किंमत यावी, ही स्थिती कोणत्याही वारसानगराच्या दृष्टीने धोक्याची असते.

या प्रक्रियेला उलटे वळण देण्याचे प्रयत्न १९९०च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. महानगरपालिकेने वारसा कक्ष स्थापन केला. नागरी प्रशासनात असा स्वतंत्र कक्ष ही त्या वेळी देशात नवी गोष्ट होती. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची पायी वारसाफेरी सुरू झाली. या उपक्रमाचे मोल पर्यटकांच्या संख्येत मोजणे चुकीचे ठरेल. दररोज सकाळी परके लोक आपली गल्ली पाहण्यासाठी येतात, हे पाहून रहिवाशांची स्वतःच्या घराकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हा तिचा खरा परिणाम होय. लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतराम यांच्या घराचा दर्शनी भाग उभारून तेथे त्यांचा पुतळा बसविण्यात आला. सिदी सैयद मशिदीसमोरील १९२४ ची एका गिरणीमालकाची हवेली हॉटेल म्हणून नव्याने उघडली. तिच्या गच्चीवर गुजराती थाळीचे भोजनगृह सुरू झाले. त्याचे ‘अगाशिये’ हे नाव मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे पोळींमधील काही हवेल्यांत निवासगृहे आणि छोटी उपाहारगृहे निघाली. जुनी वास्तू स्वतःच्या देखभालीचा खर्च स्वतः भागवू शकते, हे यातून सिद्ध झाले.

माणेक चौकाचा दिनक्रम

तरीही या शहराच्या खाद्यजीवनाचा आधार हवेल्यांतील भोजनगृहे नव्हेत. तो माणेक चौक आहे. बाबा माणेकनाथ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा चौक अहमदशहाची कबर आणि राणीनो हजीरो यांच्या मधोमध आहे. सकाळी येथे गुरांसाठी चारा आणि भाजीपाला येतो. दिवसभर सोन्याचांदीचा बाजार चालतो. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबाद शेअर बाजाराची जुनी इमारतही येथेच आहे. रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच जागेवर बाकडी मांडली जातात, तवे तापतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत पावभाजी, डोसा, घुघरा सँडविच, कुल्फी यांची विक्री चालते. रात्रभर माणसांचा वावर राहिल्याने पेढ्या सुरक्षित राहतात, म्हणून सराफांनीच या दुकानांना आश्रय दिला, असे सांगितले जाते. इंदूरच्या सराफ्याबद्दलही हीच कथा प्रचलित आहे आणि तेथेही दिवसा दागिने व रात्री खाद्यपदार्थ हाच क्रम आहे. एका जागेचे तीन धनी, पण तिघांच्या वेळा वेगळ्या! भूमिवापराच्या नकाशात एका भूखंडाला एकच रंग देण्याची सवय झालेल्या नियोजनशास्त्राला ही व्यवस्था पकडता येत नाही.

येथील पदार्थांवरूनही समाजरचना वाचता येते. जैन परंपरेत कंदमुळे वर्ज्य असल्याने बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची ‘जैन पावभाजी’ सहज मिळते. सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत पाळणाऱ्या समाजाच्या शहरात देशातील एक नामांकित रात्रबाजार भरावा, हा विरोधाभास कोणालाही हसू आणील. तीन दरवाजापासून जवळच असलेल्या भटियार गल्लीत मांसाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. गुजरातची खाद्यसंस्कृती केवळ शाकाहारी मानणाऱ्यांनी ही गल्ली अवश्य लक्षात घ्यावी. अहमदाबादच्या खाद्यवारशाच्या प्रचारसाहित्यात थाळीला जेवढी जागा मिळते, तेवढी या गल्लीला क्वचितच मिळते, आणि ही उणीव किरकोळ नाही.

सुशोभीकरण की उपजीविका

पुनरुज्जीवनाचा सर्वांत कठीण प्रश्न येथे उभा राहतो. रस्ते स्वच्छ करा, दगडी फरसबंदी घाला, दिवे लावा, हे सांगणे सोपे आहे. पण त्या रस्त्यावर बसणाऱ्यांचे काय? १९७२ मध्ये इला भट्ट यांच्या पुढाकाराने अहमदाबादेत स्थापन झालेल्या ‘सेवा’ संघटनेने १९८०च्या दशकात माणेक चौकातील भाजी विकणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. यांपैकी अनेकींच्या आया आणि आज्या त्याच जागी बसत आल्या होत्या. १९८९ च्या सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पथविक्री हा घटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येत असल्याचे स्पष्ट केले. २००४ आणि २००९ ची राष्ट्रीय धोरणे आणि अखेरीस पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ ही त्याची पुढील पावले होत.

या अधिनियमातील तीन तरतुदी जुन्या शहरांच्या संदर्भात विशेष महत्त्वाच्या आहेत. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. सर्वेक्षणात आढळलेल्या विक्रेत्यांना, प्रभाग वा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत, विक्रीक्षेत्रात सामावून घ्यावे. आणि ज्या नैसर्गिक बाजारांत विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आहेत, ते ‘वारसा बाजार’ म्हणून घोषित करून तेथील विक्रेत्यांना हलवू नये. ही तिसरी तरतूद दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सहसा न वाचल्या जाणाऱ्या पानांत आहे. तिचा वापरही तसाच, विरळा. वारसा म्हणजे दगड आणि लाकूड एवढेच नसून बसण्याची जागाही वारसा असू शकते, ही कल्पना मात्र त्या एका वाक्यात आली आहे.

भद्रच्या किल्ल्यासमोरील चौकाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या साहाय्याने हा परिसर वाहनमुक्त करून २०१४ मध्ये लोकांसाठी खुला करण्यात आला. इतिहासकालीन मैदानाला त्याचे रूप परत मिळाले. परंतु जेथे विक्रेते पिढ्यान्‌पिढ्या बसत होते, त्याच जागेच्या वाटपावरून तंटे उद्भवले आणि ते न्यायालयात गेले. आराखड्यात विक्रेत्यांसाठी जागा रेखाटणे वेगळे आणि कोणाला कोणती जागा द्यावयाची याची विश्वासार्ह यादी तयार करणे वेगळे. पहिले काम वास्तुविशारदाचे आहे. दुसरे प्रशासनाचे असून तेच नेहमी अर्धवट राहते.

आरोग्याचा मुद्दाही टाळता येत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार लहान खाद्यविक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. या कायद्याखालील प्राधिकरणाने विक्रेत्यांचे प्रशिक्षण, पाण्याची तपासणी आणि कचऱ्याची विल्हेवाट यांच्या निकषांवर ‘स्वच्छ पथखाद्य केंद्र’ ही योजना आखली आणि २०१८ मध्ये अहमदाबादचाच कांकरिया तलाव परिसर असे देशातील पहिले केंद्र ठरला. कांकरिया तटाबाहेर आहे, तेथे जागा मोकळी आहे. पाच फूट रुंदीच्या गल्ल्यांत तीच कसोटी लावणे अवघड जाते. अग्निशमन वाहन आत शिरू शकत नाही, भोवती सागवानी घरे आहेत आणि प्रत्येक गाड्याशेजारी गॅसचा सिलिंडर आहे. रणछोडलाल छोटालाल यांनी नगरपालिकेचे अध्यक्ष असताना विरोध पत्करून भुयारी गटारे आणि नळपाणी यांचा पुरस्कार केला होता. त्या काळच्या वस्तीसाठी आखलेल्या जलनिःसारणावर उपाहारगृहांच्या तेलकट पाण्याचा भार पडतो, तेव्हा पुनरुज्जीवनाची चर्चा सुंदर दर्शनी भागांवरून जमिनीखालच्या नळांकडे वळवावी लागते.

मानांकनानंतर

२०१७ चे मानांकन निर्विवाद नव्हते. समितीला तांत्रिक सल्ला देणाऱ्या ‘इकोमॉस’ने प्रस्ताव लांबणीवर टाकण्याची शिफारस केली होती. समितीने निकष क्रमांक २ आणि ५ खाली शहराचा समावेश केला, पण खासगी लाकडी घरांचे तपशीलवार दस्तऐवजीकरण आणि व्यवस्थापन आराखडा यांची अपेक्षाही नोंदविली. सुमारे ५३५ हेक्टरांच्या या क्षेत्रात केंद्रीय संरक्षण असलेली स्मारके थोडी आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा स्मारकाभोवती १०० मीटरचे निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटरचे विनियमित क्षेत्र ठरविले. उरलेल्या घरांचे भवितव्य महानगरपालिका आणि मालक यांच्या हाती आहे. म्हणूनच विकासहक्क हस्तांतरणाची सोय करण्यात आली : वारसा घराच्या मालकाने ते जतन करावे आणि तेथे न वापरलेला बांधकामाचा हक्क शहराच्या अन्य भागातील विकासकाला विकावा. जेथे घराला आठ-दहा वारस आहेत आणि काही परदेशी आहेत, तेथे मात्र सह्या गोळा करण्यातच वर्षे जातात.

३० सप्टेंबर २०२२ रोजी उद्‌घाटन झालेल्या मेट्रोचा पूर्व-पश्चिम मार्ग जुन्या शहराखालून भुयारातून जातो. घीकांटा हे त्यावरील एक स्थानक. पश्चिमेकडील कुटुंबांना वाहन न आणता माणेक चौकाच्या परिसरात येण्याची सोय त्यामुळे झाली आहे. वर्षातून एकदा तर ती मोठ्या संख्येने येतातच. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला पतंगांसाठी पोळींतील गच्च्या भाड्याने घेतल्या जातात, उंधियू आणि जिलेबीच्या पराती वर नेल्या जातात आणि एका दिवसाच्या भाड्यातून एखादे घर आपल्या गच्चीची डागडुजी करून घेते. उरलेल्या दिवसांत त्याच घराचा खालचा मजला कोणाला द्यावयाचा, राहणाऱ्या कुटुंबाला, उपाहारगृहाला की कापडाच्या गोदामाला, हा निर्णय मालक सध्या भाड्याचा आकडा पाहूनच घेतो. आणि गोदामवाला बहुधा जास्त देतो.