गॅलरीतील खाट आणि मैदानातील जाळी

मला नेमून दिलेला विषय ‘क्रीडासंस्थांच्या सराव-सुविधांची सुधारणा’ असा चांगला ऐसपैस आहे. परंतु ह्या रेडिओ-भाषणासाठी माझ्या वाट्याला आलेल्या मिनिटांत तो मावणे अशक्य असल्यामुळे, आणि खरे सांगावयाचे तर त्यातील एकाच गोष्टीने मला गेली कित्येक वर्षे पछाडले असल्यामुळे, मी तेवढीच सांगणार आहे. सार्वजनिक मैदानावर क्लबाने जे काही उभे करावयाचे, ते दिवेलागणीला उचलता आले पाहिजे.

ज्यांचे बालपण दादर-परळच्या चाळीत गेले, त्यांना सामाईक गॅलरी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. वैशाखात एखादा भाडेकरू रात्री आपली खाट गॅलरीत टाकतो. कोणाची हरकत नसते, कारण पहाटे नळ येण्यापूर्वी ती भिंतीला उभी केलेली असते. पुढे पावसाची झड लागते म्हणून उशाशी किंतानाचा पडदा येतो. पडदा फडफडतो म्हणून त्याला पट्टी ठोकली जाते. पट्टी आहेच, तर दोन फळ्या मारण्यात गैर काय, आणि फळ्या झाल्या की आत थोरल्या सुनेचा स्टोव्ह जातो. ह्यातील प्रत्येक पायरी ही सुधारणाच असते, आणि कोणत्याही एका पायरीवर बोट ठेवून ‘हे अतिक्रमण आहे’ असे म्हणण्याची शेजाऱ्याची छाती होत नाही. दहा वर्षांनी मालकाकडे अर्ज गेला म्हणजे भाडेकरू शांतपणे सांगतो, ‘आमची वहिवाट आहे.’

आता मैदानाकडे वळू. शिवाजी पार्क 1925 साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा ते माहीम पार्क होते. महाराजांचे नाव त्याला 1927 साली, अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या आग्रहामुळे मिळाले. तेव्हापासून आजतागायत ह्या एका जागेवर किती जणांचा हक्क नांदतो, ह्याची गणती पहाटे कट्ट्यावर बसून करावी. फिरावयास येणारे, सभेला येणारे, नातवंडाला चालावयास शिकवणारे आजोबा, फक्की मारून कबड्डीचे मैदान आखणारी मुले, आणि अर्थात क्रिकेटचे क्लब. रमाकांत आचरेकर सरांनी यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून सचिन तेंडुलकरकडून सराव करून घेतला तो ह्याच मातीवर. त्या नाण्याइतकी गुंडाळण्यास सोपी सराव-सुविधा दुसरी कोणती असेल?

परंतु नाण्याची गोष्ट सांगून ‘बाकी सुविधा हव्यात कशाला?’ असे विचारणाऱ्यांपैकी मी नव्हे. खडबडीत खेळपट्टीवरून उसळलेला चेंडू बारा वर्षांच्या पोराच्या दातांवर बसतो, तेव्हा साधेपणाचे माहात्म्य ऐकण्याच्या मनःस्थितीत त्याची आई नसते. चांगली जाळी हवी, सपाट खेळपट्टी हवी, कपडे बदलण्यास आडोसा हवा, मुलींसाठी तर तो आधी हवा. माझी तक्रार जाळीविषयी नाही. जाळीच्या खांबाला भरलेल्या काँक्रीटविषयी आहे.

हा झगडा मुंबईला नवा नाही. 1881 साली आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात खेळणाऱ्या देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला होता, तो असा की बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या सभासदांना स्वतःची राखीव हिरवळ असताना ते पोलो खेळावयास सामाईक मैदानावर येतात, आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर आम्हांला चेंडू टाकावा लागतो. हुकूम एकदा अर्जदारांच्या बाजूने झाला आणि पुढे फिरला. शापूरजी सोराबजी ह्या पारशी गृहस्थांनी ती सगळी हकीकत 1897 साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली. ‘माझे ते माझे, आणि सामाईक तेही माझेच’ ही वृत्ती साहेबाबरोबर बोटीत बसून गेली असे आपण समजतो. आज घोडे नाहीत, एवढाच फरक.

उलट बाजूही ह्याच शहरात आहे. 1948 पासून भर पावसाळ्यात चालत आलेल्या कांगा लीगच्या वेळी आझाद मैदानावर जाऊन पाहावे. एकाला एक लागून खेळपट्ट्या, एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा, आणि मधून एखादा कारकून छत्री मिटून वाट काढतो आहे. कोणाची हद्द कोणती हे कोणत्याही नकाशावर दाखविता येणार नाही, तरी खेळ होतो. कारण तेथे क्लबाचा मांड म्हणजे फार तर एक तंबू.

तेव्हा पुन्हा सांगतो, कारण काही श्रोत्यांनी रेडिओ आत्ताच लावला असेल. जमिनीवर उभे राहील ते उचलता आले पाहिजे. जमिनीखाली जाईल ते मात्र खुशाल कायमचे करा. पाण्याचा निचरा करणारे चर, पावसाचे पाणी जिरवणाऱ्या विहिरी, चांगल्या मातीचा थर, ह्यांचा लाभ फलंदाजाला जितका, तितकाच आजोबांना. मातीची निवड तेवढी जपून करा. शिवाजी पार्कावर पसरलेल्या लाल मातीने खेळपट्ट्यांचे काय भले केले ते खेळाडू सांगतील, पण उन्हाळ्यात वारा सुटला की तिची धूळ आसपासच्या घरांत भातावर बसते, हे तेथील गृहिणींनी केव्हाच सांगितले आहे. सुधारणा आपल्या हद्दीत राहत नाही, ती शेजाऱ्याच्या ताटात जाते.

मग जाळीचे काय? उपाय सुताराच्या पोरालाही सुचेल असा आहे. जमिनीत लोखंडी नळ्या पुराव्यात, सकाळी त्यांत खांब बसवावेत, संध्याकाळी काढून घ्यावेत आणि नळीवर झाकण लावावे. मॅटिंग तर गुंडाळण्यासाठीच जन्मास आले आहे. मात्र हे गुंडाळणार कोण? देणगीदार मिळतो तो पॅव्हिलियनला, कारण तेथे संगमरवरी पाटी लावता येते. रोज संध्याकाळी जाळी उतरवणाऱ्या माळ्याच्या पगाराला पाटी लावावी कोठे? मी एका क्लबाच्या कमिटीवर चार वर्षे होतो, आणि माळ्याचा दुसरा हात मंजूर व्हावा म्हणून मांडलेला माझा ठराव चारही वर्षे पुढील सभेवर गेला. त्याच मुदतीत खांबांना काँक्रीट मात्र एका रविवारी, ठरावावाचून, भरले गेले. गॅलरीतील पडद्याला पट्टी ठोकली गेली ती अशी.

निवेदिका काचेपलीकडून घड्याळ दाखवीत आहेत. सिमेंटची खेळपट्टी जमिनीवरची मानावी की जमिनीखालची, हा अवघड मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, तो आता राहिला. रात्रीच्या प्रकाशझोतांविषयी बोलावयाचे होते, कारण उजेड गुंडाळता येतो असे क्लबवाले म्हणतात, पण समोरच्या इमारतीत झोपणाऱ्यांना विचारले तर… असो. एवढेच म्हणतो की नळ्या पुराल तेव्हा झाकण घट्ट बसेल असे करा. गेल्या पावसाळ्यात तसल्याच एका उघड्या भोकात माझी काठी अडकली, आणि ती काढण्यास जाळीतील दोन पोरे धावून आली.