स्प्लाइन शाफ्ट नवा करताना मापे कशी घ्याल?
(लोहारा येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



सोयाबीनची रास चालू असते, आभाळ भरून आलेले असते आणि नेमका तेव्हाच मळणी यंत्राचा शाफ्ट जातो. तुकडा पिशवीत घालून आपण लेथवाल्याकडे धावतो, "असाच करून दे" म्हणतो. तो झिजलेल्या दात्यांवरून माप घेतो आणि नवा शाफ्टही झिजलेल्या मापाचाच मिळतो. म्हणून मापे आपली आपल्याला घेता आली पाहिजेत.

ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात ठेवा. शाफ्टचे ग्रीस डिझेलने धुऊन एका दात्यावर खडूची खूण करा आणि दाते मोजा. ट्रॅक्टरच्या पीटीओला 540 फेऱ्यांसाठी 6 दाते व एक इंच तीन सूत (35 मिमी) व्यास असतो. 1000 फेऱ्यांच्या पीटीओला व्यास तोच, पण दाते 21. मोठ्या ट्रॅक्टरला 20 दाते, पावणेदोन इंच (45 मिमी). तेव्हा फोनवर नुसता "एक इंच तीन सूत" सांगितलात, तर चुकीचा शाफ्ट घरी येऊ शकतो.

सहा दात्यांच्या कडा सरळ, समांतर असतात. बाहेरचा व्यास, खाचेच्या तळाचा व्यास, दात्याची रुंदी आणि दात्यांची लांबी अशी चार मापे व्हर्निअरने घ्या. हब जिथपर्यंत पोचत नाही तिथे दाता मूळ रुंदीचा राहिलेला असतो. रुंदी तिथेच मोजा.

21 व 20 दात्यांच्या कडा बाकदार, बुडाशी रुंद असतात. त्यांना इन्व्होल्यूट म्हणतात. इंची मापात दात्यांच्या संख्येत 1 मिळवून इंचातील व्यासाने भागा. 22 भागिले 1.375 म्हणजे 16. 21 भागिले 1.75 म्हणजे 12. हा आकडा कारागिराला सांगावा. तो पूर्णांकाजवळ आला नाही तर दाते मिलीमीटरचे असू शकतात. मग तुकडा वर्कशॉपात तपासून घेतलेला बरा. विषम दात्यांत एका दात्यासमोर खाच येते, म्हणून 21 दात्यांवर व्हर्निअर किंचित कमी दाखवतो.

साध्या लोखंडाचा शाफ्ट स्वस्त पडतो, पण 45 अश्वशक्ती 540 फेऱ्यांवर घेताना त्यावर सुमारे 60 किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. ईएन 24 सारखे मिश्र पोलाद घ्या आणि दाते पाडल्यावर योग्य कडकपणा द्यायला सांगा. माझे मत विचाराल तर पीटीओच्या प्रमाणित मापाचा तयार शाफ्ट दुकानात मिळत असेल, तर करवून घेण्याच्या भरीस पडू नये. जुन्या यंत्राच्या गिअरबॉक्समधला, कुठेच न मिळणारा शाफ्ट असेल तरच हा खटाटोप.

जाताना हबही बरोबर न्या. नवा शाफ्ट हाताने आत सरकला पाहिजे, पण पिळून पाहिल्यास खडखडता कामा नये. खडखडला तर हबच्या आतले दाते पाहा. तेही झिजले असतील तर दोन्ही बदलावे लागतील.