मतं आपली, कोर्ट कुणाचं?

(कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



पुढारी सभेत सांगतात, "लोकांनी आम्हाला निवडून दिलं. आम्ही गरिबांचं करायला निघालो की कोर्ट आडवं येतं." यात खरं किती, ते आपण तपासू.

थोडं खरं आहे. १९६७ साली पंजाबातल्या एका जमीनवाल्या कुटुंबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, मूलभूत हक्कांना संसदेनं हात लावायचा नाही. तेव्हा मालमत्ता हाही मूलभूत हक्क होता. फायदा जमीनवाल्यांचा.

मग १९७१ साली 'गरिबी हटाव' म्हणत इंदिरा गांधींनी ३५२ जागा जिंकल्या. १९७३ साली १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ असा नवा निकाल दिला: घटना बदला, पण तिचा पाया मोडू नका. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांना दिलेलं संरक्षण कोर्टानं कायम ठेवलं. म्हणजे गरिबाच्या जमिनीला आडकाठी नव्हती. तरी सरकारनं तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केलं. मग अडचण कुणाची होत होती? गरिबाची की खुर्चीची?

१२ जून १९७५ला अलाहाबाद हायकोर्टानं पंतप्रधानांची निवडणूक रद्द केली. २५ जूनला आणीबाणी आली. विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्यानं कोर्टात दाद मागायची की नाही? १९७६ला सुप्रीम कोर्टाचे चार न्यायाधीश म्हणाले, नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना म्हणाले, मागता येते. पुढं त्यांनाही डावललं; त्यांनी राजीनामा दिला. मार्च १९७७ला लोकांनीच मतानं सरकार पाडलं.

म्हणून आम्ही म्हणतो, कोर्ट देव नाही आणि दुश्मनही नाही. कधी ते उभं राहतं, कधी बसतं.

आपल्या राज्यात १९५७ ते १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेली आदिवासींची जमीन परत देण्याचा कायदा झाला. त्याविरुद्ध लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९८४ला कोर्टानं कायदा बरोबर ठरवला. पण निकालानं नांगर आपोआप चालत नाही. ताबा गावालाच घ्यावा लागतो.

तेव्हा फॉरेस्टवाल्यांनी फाडलेली दंडाची पावतीसुद्धा जपून ठेवा, तोच आपल्या कसण्याचा पुरावा. तारखेला एकट्याला पाठवू नका, पाड्यातले चौघं सोबत जा. आणि मत मागायला येईल त्याला विचारा: गरिबाचं नाव घेतोस, गरिबाला बोलू देशील का?

जिंदाबाद!