जमा आणि खर्च

(शाळेच्या हीरक महोत्सवी मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आजच्या सत्काराचे निमंत्रण आले, तेव्हा मी मुख्याध्यापिका बाईंना म्हणाले, "बाई, मी पदक आणलेले नाही." त्या म्हणाल्या, "पदकाचे राहू दे. आमच्या पैशांचे काय केलेस, तेवढे सांग." म्हणून आज मी हिशेब द्यायला उभी आहे.

माझा खेळ माउंटन बाइकिंगचा. डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटा, खडक आणि झाडांची मुळे यांवरून सायकल हाकण्याची ही शर्यत. तिचा क्रॉस-कंट्री हा प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. काही किलोमीटरांच्या एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा फेऱ्या घालायच्या असतात आणि प्रौढांची शर्यत साधारण दीड तास चालते.

आपले इंदूर पठारावरचे. परंतु महूच्या पुढे विंध्याची कड लागते. जिथे चंबळ उगम पावते, त्या जानापावच्या चढांवर मी शिकले. एकच चढ सहा-सहा वेळा चढायचा आणि प्रत्येक वेळी घड्याळ पाहायचे, हा माझा सराव. पावसाळ्यात माळव्याची काळी माती चाकांना अशी चिकटते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उतारावरचा पहिला धडा असा, की ज्या दगडाकडे पाहाल त्यावरच चाक जाते. म्हणून नजर दगडावर नव्हे, वाटेवर ठेवायची.

परदेशातील स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा खर्चाचा मोठा भाग मलाच उभारायचा होता. विमानभाडे, सायकलच्या खोक्याचे वेगळे भाडे, व्हिसा, विमा, टायर, साखळी, ब्रेकचे पॅड; यादी संपेना. मागण्याची मला फार लाज वाटे. आमच्या गणिताच्या सरांनी एक जमाखर्चाची वही हातात ठेवली आणि म्हणाले, "मागायला लाजू नकोस, नोंद ठेवायला चुकू नकोस." मग गणेशोत्सवाच्या मंडपांत मी पावतीपुस्तक घेऊन फिरले. आपल्यापैकी अनेक मातांनी दिवाळीत चकल्या आणि चिवडा करून विकला. जुन्या तुकड्यांनी वर्गणी काढली.

त्या दिवसांत बाबा मला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगत. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. मी त्या गोष्टीचा अर्थ असा घेतला, की लोकांचे पैसे घेतले तर पदक आणावेच लागते.

शर्यतीच्या दिवशी माझी नजर वाटेवर राहिली नाही. ती वहीतल्या नावांवर होती. दुसऱ्या फेरीत खडकाळ उतारावर मी पडले. हात खरचटले, पुन्हा निघाले. पण अंतर वाढत गेले. आमच्या खेळात ऐंशी टक्क्यांचा नियम आहे. आघाडीची स्पर्धक फार पुढे निघून गेली, तर ती मागून येऊन गाठण्यापूर्वी मागच्या स्पर्धकाला थांबवतात. मला थांबवले. निकालपत्रात माझ्या नावापुढे दोन फेऱ्या कमी लिहिल्या आहेत.

परत आल्यावर कित्येक दिवस मी घराबाहेर पडले नाही. त्या वर्षी गणपतीच्या आरतीलाही गेले नाही. शेवटी सर घरी आले आणि त्यांनी वही मागितली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. त्यांनी प्रत्येक ओळ तपासली. ३,२१५ रुपये शिल्लक निघाले. मी म्हणाले, "सर, पदकाची ओळ रिकामीच राहिली." सर म्हणाले, "या वहीत ती ओळ कधी आखलीच नव्हती. प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, तेव्हा खाशाबांच्या हातात पदक होते का?"

त्या प्रश्नाने मला पुन्हा जानापावला नेले. आता त्या उतारांवर मी अधिक वेळ देते. कारण मी चढावर नव्हे, उतारावर हरले, हे मला कळले आहे.

ती वही आज प्रवेशद्वारापाशी मेजावर ठेवली आहे. प्रत्येकाने ती अवश्य पाहावी. शिल्लक रकमेतून माझी जुनी सायकल दुरुस्त करून मी ती शाळेला देत आहे. ज्या मुलींना शिकायचे असेल, त्यांना दर रविवारी शिकवीन. पालकांनी फक्त एक करावे: मुलगी पडून आली, तर आधी जखम धुवावी, आणि पुढच्या रविवारी तिला पुन्हा पाठवावे.

आणि हो, पुढच्या निवडीत यश आले, तर मी पुन्हा तुमच्या दारी येईन. पदकाचे वचन मला देता येणार नाही. वही मात्र बरोबर असेल.