कोऱ्या चेकचं दुखणं



होमिओपॅथीत दुखण्याबरोबर माणसाची झोप, भूक, धास्तीही विचारावी लागते. भाजी विकणाऱ्या एक बाई झोप येत नाही म्हणून आल्या. तिसऱ्या खेपेला खरं कारण निघालं. दहा हजारांचं कर्ज. पहिलं व्याज कापून हातात नऊच आले. दरमहा हजार भरून दहा महिने झाले, मुद्दल जागच्या जागी. आपल्या हुबळीत याला ‘मीटर बड्डी’ म्हणतात. शिवाय सही केलेला कोरा चेक देणाऱ्याच्या कपाटात. तो माझ्या ओळखीतला निघाला. मी गोळ्या दिल्या आणि गप्प बसलो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हाती लागले ते त्यांनी जाळले. कारण कोर्ट रोख्यावरचा अंगठा पाही, त्यामागचा व्यवहार नव्हे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशाला मुळापासूनचा हिशेब तपासायला लावलं. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना.

आज कायदा कर्जदाराच्या बाजूला आहे. कर्नाटकात जबर व्याजाला २००४ पासून बंदी आहे. वसुलीच्या जाचानं माणसं जीव देऊ लागली, तेव्हा १२ फेब्रुवारी २०२५ ला वटहुकूम निघाला. पुढे त्याचा कायदा झाला. धमकावणं, पाठलाग करणं, दारात ठाण मांडणं यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. परवाना-नोंदणी नसलेल्यानं दुर्बल घटकांना दिलेलं कर्ज फिटलं असंच धरलं जातं. पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही.

मग बाई ठाण्यात का गेल्या नाहीत? एक, अब्रू. दुसरं त्या स्वतःच म्हणाल्या, “डॉक्टर, मुलगा दवाखान्यात होता तेव्हा रात्री दहाला पैसे त्यांनीच दिले.” उपकाराच्या या ओझ्यापुढे कायद्याचं कलम थिटं पडतं.

आम्हा जैनांच्या अणुव्रतांत परिग्रहाला मर्यादा घालायला सांगितलंय. ते मी पर्युषणात ऐकतो, दवाखान्यात विसरलो. पुढच्या खेपेला मात्र बाईंचा सगळा हिशेब चिठ्ठीच्या पाठीवर मांडून दिला आणि त्यांच्याबरोबर ठाण्याची पायरी चढलो.

आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाई, दारचा रिक्षावाला यांच्यापैकी कुणाचा तरी असा चेक कुठल्यातरी कपाटात असेल. एकदा विचारून पाहा. आणि ठाण्यापर्यंत सोबत जा.