तबकडीची दुसरी बाजू

आपल्या मालेगावात, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, नाटकवेड्या घरांना आत्माराम भेंडे हे नाव ठाऊक असेलच. त्यांचे चिरंजीव नंदू भेंडे रॉक गायक होते. 1970च्या दशकात मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडमध्ये ते गायले. पुढे पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच आवाज मराठी रंगभूमीवर घुमला.

बँडची तबकडी निघाली एकच, 'ऑब्सेशन 77'. ती दुकानात आली तोवर बँड मोडला होता. जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्यांनी मात्र तिला जपलं, आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या ध्वनिमुद्रण कंपनीने बँडच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह काढला.

असा संग्रह करणं अवघडच. तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा, दोन गाण्यांमध्ये गुळगुळीत पट्टी चमकते; संग्रहासाठी गाणं तिथूनच सुटं उचलता येतं. पण प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये कधी कधी अख्खी बाजू म्हणजे एकच रचना, मध्ये पट्टीच नाही! पिंक फ्लॉइड या बँडची 'इकोज' तशीच, 23 मिनिटांची. 2001 साली त्यांनी 26 रचनांचा संग्रह काढला, त्याला नावही 'इकोज'च दिलं, आणि ही रचना साडेसोळा मिनिटांवर आणली. मला ती कात्री आजही खटकते. रंगलेलं भजन मध्येच थांबवावं, तसं वाटतं.

अॅटॉमिक फॉरेस्टचा संग्रह आला तेव्हा नंदू भेंडे हयात होते. 2014 साली ते गेले.